शून्य आमच्या उंबरठ्यावरून हलवल्याबद्दल

सिहोरा, श्रावण, शुक्रवार

चिरंजीव भूषणले परसरामदादाचा आशीर्वाद, मनापासून आणि थोडा मनाविरुद्ध.

इकडे सारे बरे आहेत. आईचा गुडघा दुखून राहिला, धानाचा रोवणा अर्धा झाला. नागपुरात तुझी तब्येत चांगलीच असेल. ज्याचं गावभर कौतुक होऊन राहिलं त्याची तब्येत कायले बिघडते? (मी जळून नाही राहिलो. तुझी वहिनी रुखमिणी तसं म्हणेल, तिचं ऐकू नको.)

मुद्द्याचं लिहितो. आपण दोघा चुलतभावांनी तलावांच्या नकाशाचा प्रोग्राम काढला, सगळ्यांसाठी फुकट, कोणीही आत डोकवावं, कोणीही दुरुस्त करावं असा. तवा त्याच्या चौकटी कोणी आखल्या? मी. झेरॉक्सच्या दुकानातलं गिऱ्हाईक वापस पाठवून आखल्या. शून्य आमच्या उंबरठ्यावर ठेवलं आणि मोजणी रोवण्यासारखी मागे मागे सरकत नेली. बाया धान लावताना मागेच सरकतात, त्यांची ओळ कधी चुकली का? जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तरी आमचा उंबरठा हलला नाही. आता तुझं म्हणणं का ते शून्य काढा, साऱ्या जगाचे नकाशे ज्या प्रमाणित चौकटीवर चालतात तीच घ्या. आपण म्हणे तिच्या चव्वेचाळिसाव्या पट्ट्यात येतो. चव्वेचाळिसाव्या! शाळेतही माझा नंबर एवढा घसरला नव्हता.

मासोळीच्या बीजाच्या गाडीचं तेजरामनं (आपल्या मासेमारी सोसायटीचा अध्यक्ष, आजकाल तुझा भक्त) मीठमसाला लावून सांगितलंच असेल. खरं एवढंच झालं का मी ड्रायव्हरले तलावाची चौकट आठ-तीन सांगितली. तो होता छत्तीसगडचा, त्याले रोवण्याचं काय माहीत? साऱ्या जगासारखा तो पुढे मोजत गेला आणि सारं बीज बाजूच्या गावच्या यादोरावच्या बोडीत, त्याच्या घरच्या तळ्यात, सोडून मोकळा झाला. आम्ही धावत गेलो तवा ड्रम रिकामे. बोटाएवढ्या मासोळीवर काय गावाचं नाव लिहिलं असते? यादोराव आता रोज बोडीच्या पाळीवर, बांधावर, खुर्ची टाकून बसते आणि मी दिसलो का प्रेमानं हात हलवते. मुडदा!

तवापासून सारे एकच म्हणून राहिले, भूषणची चौकट घ्या. प्रोग्रामवर काम करणारे केरळातले, परदेशातले, ज्यांचं तोंडही मी पाहिलं नाही, तेही तुझ्याच बाजूनं. राहिली फक्त माझी मंजुरी, कारण मुख्य मी. बीजाची दुसरी गाडी सोमवारी येते. तीही चुकली तर तलाव वर्षभर रिकामा आणि साठ घरांच्या जाळ्यांत नुसता गाळ. हे मले समजत नाही असं नाही. तरी वीस दिवस मी अडून बसलो. तुझ्या कामात खोट सापडावी म्हणून तीनदा वाचलं, एका ओळीत एक रिकामी जागा जास्तीची सापडली, तर तिच्यावर दोन पानं आक्षेप लिहिला. तू दोन मिनिटांत दुरुस्त करून लिहिलं, "धन्यवाद दादा." अरे, भांडला असता तर बरं वाटलं असतं!

आणि आई. तुझा फोन आला का गुडघा विसरून उठते. मी सकाळपासून समोर बसलो असतो, मले विचारते, तू कवा आला? जीव जळते रे भूषण, खोटं कायले लिहू.

तुझा, शून्यावरून उठवलेला,
परसरामदादा

ता. क. मंजुरीचं बटन मी कालच दाबलं. नावांच्या यादीत तुझं नावही माझ्या हातानं लिहिलं. माझ्या खाली. वरतं जागा नव्हती.

ता. क. २. दाबायच्या आधी एका ठिकाणी माझी मागे सरकणारी मोजणी तशीच राहू दिली (चुकून नाही). तवापासून नकाशात जिल्ह्याचे सारे तलाव लंकेच्याही पार खाली, समुद्रात दिसून राहिले. मले काही निस्तरत नाही. रविवारी येऊन जा. फोनच केला असता, पण तुझी वहिनी बाजूलाच बसली आहे, म्हणून चिठ्ठी नागपूर बसच्या कंडक्टरजवळ दिली.

ता. क. ३. घरी सांगजो का आईले पाहाले आलो. दुरुस्ती तू कर. बटन मीच दाबीन.