गंधालीचं उत्तर

गुढियारी, रायपूर
१२ जानेवारी २०१९

आदरणीय श्यामकांत सर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. आम्ही दोघं बरे आहोत. यंदा थंडी फार आहे. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी खाली उतरते आणि वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात.

प्रोटॉनच्या पोटात क्वार्क कसे असतात, हे प्रयोगाचा आधार न घेता नुसत्या मूळ नियमांवरून संगणकावर काढायचं, एवढं गंधालीने मला समजावलं होतं. हवं तेच उत्तर काढायचा मोह होऊ नये म्हणून तुम्ही ते एका गुप्त आकड्याने गुणून शेवटपर्यंत झाकून ठेवता, हे ऐकून मला हसू आलं होतं. माझी नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यावर गेली. तिथे व्यापाऱ्यांना वजन काट्याच्या आधीच ठरलेलं हवं असायचं.

उत्तरं उघडली त्या दिवशी तुमच्या गटातल्या बाकी सगळ्यांचे आकडे जुळले, तिचा एकटीचा वेगळा पडला. तुम्ही तो शोधनिबंधातून काढून टाकला. ती घरी आली. आणि आता तुम्ही लिहिता की बाकीच्या सगळ्यांनी एकच चुकीची पायरी घेतली होती, बरोबर होती ती गंधाली.

तुम्ही पत्रात ‘अपघात’ म्हटलंत. आम्हीच सगळ्यांना तसं सांगितलं. अपघात नव्हता, सर. तिने जीव दिला. मला तुमचा राग आहे आणि तो गिळून गोड लिहिणं मला जमत नाही.

नव्या निबंधावर तिचं नाव घाला. नावापुढे वारल्याची खूण करतात म्हणता, तीही करा. पण इकडे येऊ नका, फोनही नको. पोरीचं चुकलं आणि तिला ते सोसलं नाही, एवढ्यावर तिची आई विमला दिवस काढते. बरोबर होतं असं कळलं तर ती कोलमडेल.

इथवर लिहिलं आणि विमला चहा घेऊन आली. तुमचं पत्र समोरच होतं. तिने उचललं आणि उभ्या उभ्या वाचलं.

“मले माहीत होतं,” ती म्हणाली. “तिनं सांगतलं होतं मले. ‘आई, माझं बरोबर आहे, पण कोणी ऐकूनच नाही राहिलं.’”

“मंग तू काय म्हटलं?”

“म्हटलं, जाऊ दे ना पोट्टी. एवढे मोठे लोक काहून चुकतील?”

ती आता स्वयंपाकघरात आहे. भांड्यांचा आवाज येत नाही.

वर लिहिलेलं सोडा. तुम्ही या, लवकर या. चूक तुमची होती हे तिच्यासमोर बसून सांगा. माझं ती ऐकणार नाही.

तुमची वाट पाहणारा,
गंधालीचा बाप
नरहर