चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या

रेल्वे कॉलनी, दौंड
ऑगस्ट २००४

प्रिय धम्मदीप,

नाव घेऊन लिहितेय, रागावू नका. ‘अहो’ लिहिलं असतं तर पुढचं लिहायचा धीर झाला नसता. घरमालकांच्या फोनवर तुमच्याशी बोलले तेव्हा नुसतीच रडले. तुम्हाला वाटलं, माहेरी येऊनही हिला कारेगावची आठवण येते. येतेच हो, पण रडणं त्याचं नव्हतं. आपलं बाळ धोक्यात आहे. आणि तो धोका मीच रोज पाण्याबरोबर गिळत होते.

मुरमांच्या त्या कॅप्सूल. लग्नानंतर मी आरशाकडे पाठ करून वेणी घालायचे, तुम्ही चिडवायचात, “आरसा काय चावतो व्हय गं?” मग कंपनीत पॅकिंगला असलेल्या तेजश्रीनं तिचं रिकामं पाकीट माझ्या हातात ठेवलं. “मेडिकलवाल्याला दाव फकस्त. चिठ्ठी-बिठ्ठी काय लागत न्हाई,” म्हणाली. मला लाज वाटत होती म्हणून तुम्ही गेलात. पुढं दर पगाराला भाजीच्या पिशवीत, वांग्यांच्या वर, नवं पाकीट असायचंच. आपल्या चाळीत औषध असंच तर येतं, जुनं पाकीट दाखवायचं आणि तसलंच नवं आणायचं. तुमच्याही कपाळावर पुटकुळ्या, त्या माणसाला वाटलं असेल तुम्हीच घेताय. घरात बाई आहे का, तिला दिवस राहिलेत का, हे त्यानं कधी विचारलंच नाही.

त्या गोळ्यांनी ओठ फुटून रक्त यायचं तेव्हा मी तूप चोळत बसले. चेहरा मात्र असा नितळ झाला की तुमच्या आईसुद्धा म्हणाल्या, “पोरगी उजळली की!” किती मिरवलं मी. मूर्ख, मूर्ख बाई!

इथं उलट्या थांबेनात म्हणून आईनं डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काय काय औषध घेतेस विचारल्यावर मी पर्समधून पाकीट काढून पुढं ठेवलं. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, पोटुशी बाईनं ही गोळी घ्यायचीच नसते, बंद केल्यावरसुद्धा महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात, आणि दिवस नाहीत याची खात्री केल्याशिवाय डॉक्टरही ती बाईला लिहून देत नाहीत. खोक्यावर तसं छापलेलंही असतं. आपल्याकडे खोकं कधी आलंच नाही. बाळाचे कान, चेहरा, हृदय, मेंदू, काहीही बिघडू शकतं. प्रत्येकाचं बिघडतंच असं नाही. पण सोनोग्राफीत सगळं दिसेलच असंही नाही, म्हणाल्या. माझा चेहरा चांगला दिसावा म्हणून मी त्याच्या चेहऱ्याचं... पुढचं लिहवत नाही.

गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. तुम्ही मेडिकलवर भांडायला जाऊ नका, तुमचा राग मला ठाऊक आहे. आणि स्वतःला तर मुळीच बोल लावू नका. तुम्ही मायेनं आणत होतात. तेजश्रीला मात्र आजच्या आज गाठा. तिचं लग्न ठरलंय आणि ती अजून त्याच गोळ्या घेतेय.

आता जे लिहायला बसले ते. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वाटा सांगितल्या, बाळ ठेवायची आणि न ठेवायची. कुठली धर, असं काही म्हणाल्या नाहीत. पण आईनं आणि दादानं ठरवून टाकलंय. गुरुवारी सकाळी मोकळं करून घ्यायचं आणि तुम्हाला सांगायचं, पाय घसरून पडली, आपसूक गेलं. “जावयाला खरं कळलं तर तुला नांदवायचा न्हाई,” असं आई सारखं म्हणते. दवाखान्यात विचारलं तर कळलं, सही माझ्या एकटीचीच लागते, नवऱ्याची लागत नाही. त्यांना सगळं सोपं वाटतंय. बाळ ठेवायचं की नाही, मला खरंच कळत नाही, धम्मदीप. पण तुम्ही त्याच्यासाठी नाव शोधत बसाल आणि मी तुम्हाला घसरून पडल्याची गोष्ट सांगेन, हे माझ्याच्यानं होणार नाही. भाजी आणते सांगून हे पत्र टाकायला निघालेय. बुधवारी याल ना? रागावून आलात तरी चालेल, पण या.

तुमचीच,
रश्मी