लवूमामाची पत्रिका

२६ ऑक्टोबर, रविवार

पत्रिका छापून आल्या. झकास. आमच्या लेकीचं, क्षितिजाचं लग्न ३० नोव्हेंबर, मुहूर्त दुपारी १२.२१, हॉल इथेच मीरा रोडला. म्हणजे महिन्याहून जास्त वेळ आहे. ज्याने आयुष्यभर कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंग सांभाळलं, त्याला एवढा वेळ म्हणजे निव्वळ चैन.

स्थानिक पत्रिका मुलगा अथर्व वाटेल. बाहेरगावच्या मी. पुण्यात चुलतभाऊ सुभाष, कोल्हापुरात मावसभाऊ जितेंद्र आणि कुडाळला लवूदादा. खरा प्रश्न लवूदादाचा आहे. बायकोचा, हंसाचा थोरला भाऊ, म्हणजे क्षितिजाचा एकुलता एक मामा. साखरपुड्याची बातमी त्याला फॅमिली ग्रुपवर कळली. (मीच टाकली होती, फोटोंसकट. एका मेसेजमध्ये सगळे कव्हर.) तेव्हापासून स्वारी रुसून बसलीय. परवाच्या भाऊबीजेलाही आला नाही. हंसा ताट करून संध्याकाळपर्यंत वाट बघत होती.

क्षितिजा म्हणते, मामाने हात धरून मंडपात नेलं नाही तर ती मुळी खोलीबाहेरच येणार नाही. म्हटलं, बाळा, मामाला मी स्वतः जाऊन आणतो. शब्द दिलाय. संपला विषय.

हंसाने बजावलंय: पहिली पत्रिका देवाची. जेजुरीला खंडोबापुढे ठेवायची, मग मामाची, मग बाकीच्यांची. नोट केलंय.

आता फक्त एवढंच ठरवायचं की बस, ट्रेन की भाड्याची गाडी. आज रात्रीपर्यंत फायनल.

२९ ऑक्टोबर, बुधवार

फायनल नाही. घाईत निर्णय घेणारे लोक वेगळे.

आज ट्रेनचा अभ्यास केला. पुणे ठीक. कोल्हापूर ठीक. पण कोल्हापूरहून कुडाळला सरळ ट्रेनच नाही! मध्ये अख्खा सह्याद्री आडवा. यात माझी काही चूक नाही. अथर्व म्हणाला, बाबा, मग तेवढ्यापुरती एसटी घ्या. या मुलाला एकसंध विचार करता येत नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

बसचा अभ्यास. बस सगळीकडे जाते हे मान्य. पण माझी कंबर आणि माझं ते दुसरं, दर दोन तासांनी उठायचं, हे दोन्ही ड्रायव्हरच्या मर्जीवर सोडायचं? हंसा म्हणाली, एवढे लोक जातात ते काय बिनकंबरेचे असतात? वाद घालण्याने प्लॅन पुढे सरकत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ठरलं! भाड्याची गाडी! स्वतंत्र, सुटसुटीत, हवं तिथे थांबायला मोकळी.

इथे जवळच तारोडी गावात रेमंडकडे गेलो. आम्ही एकाच कंपनीत होतो, आता तो भाड्याच्या गाड्या चालवतो. ज्युलियानाभाभीने सुकट घातलेलं वांगं खाऊ घातलं. रेमंड म्हणाला, गाडी हाय, मी पन येतो चालवाला, उद्या सकाळी निंगू. उद्या? म्हटलं, अरे, मला आधी ट्रेन आणि बसशी कम्पेअर तर करू दे. सेल्फ ड्राइव्हही बघायचंय. तो इतका हसला की भाभी आतून बघायला आली. रेमंड चांगला माणूस, पण प्लॅनिंग म्हणजे काय ते त्याला कधीच कळलं नाही. म्हणून तर तो डिस्पॅचला होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

सेल्फ ड्राइव्ह बाद. माझ्या लायसन्सची मुदत जूनमध्येच संपलीय. आरटीओने आठवण करून द्यायला नको?

रेमंडला फोन केला. आता सीझन सुरू झाला, सगळ्या गाड्या बुक, महिनाअखेरीपर्यंत एकही न्हाय म्हणाला. मी चार दिवस विचार केला एवढ्यात लोकांनी गाड्या पळवल्या. लोकांना काही धीरच नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

घरात वातावरण गंभीर. क्षितिजा जेवता जेवता रडली. म्हणाली, बाबा, तुम्ही नुसते निघा हो, कशानेही जा. हाटकेशच्या नाक्यावरून रिक्षा पकडा आणि निघा. भावनेच्या भरात बोलतात मुली. रिक्षाने कुडाळ!

ती म्हणाली, मीच करते मामाला फोन. म्हटलं, खबरदार. पत्रिका हातात पडायच्या आधी फोन म्हणजे जखमेवर मीठ. मी जातोय ना!

हंसाने ताट सरकवलं आणि आत गेली. माझंही जेवण गेलं नाही. पण लोकांना दिसत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

युरेका. रोज पहाटे फिरायला जाताना मेंदू चालतो, तसा आज पेणकरपाड्याच्या वळणावर चालला. मी इतके दिवस तिघांतून एक निवडत होतो. तिन्ही घ्यायची! ट्रेनने थेट कुडाळ. कुडाळहून गाडीने कोल्हापूर. कोल्हापूरहून बसने जेजुरी, आणि घरी येताना पुणे. एकदाही मागे फिरायचं नाही. एकही किलोमीटर वाया नाही.

हंसा म्हणाली, अहो, देव मामानंतर? म्हटलं, अगं, देव रागावत नाही, माणसं रागावतात, म्हणून माणसं आधी. शिवाय एक पत्रिका देव्हाऱ्यात ठेवलीय. तोही खंडोबाच. तिने देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. पटलं असावं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सगळ्या ट्रेन वेटिंगवर. शेवटी २४ तारखेच्या रात्रीचं तिकीट मिळालं. थोडं उशिरा वाटतं, पण प्लॅनमध्ये बसतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. कुडाळ.

पोचलो! कन्फर्म सीट, वेळेवर गाडी. सगळ्यांनी एवढी धास्ती घेतली होती ती कशासाठी?

दुपारी ३. लवूदादाच्या घरी. अंगणात पाय धुतले, पडवीत बसलो. संपदावहिनींनी पाणी आणि गूळ दिला. मी पिशवीतून अक्षता काढल्या, पत्रिका पुढे केली. लवूदादाने हात मांडीवरून उचलला नाही. विचारलं, भावजी, देवाक ठेवलात? म्हटलं, परत जाताना रस्त्यात आहे, आधी तुम्ही, देवापेक्षा मामा मोठा. मला वाटलं खूश होईल. तो म्हणाला, माज्या बापाशीन कधी देवाच्या आदी कोनाची पत्रिका घेतलीन नाय. मी कशी घेव? पयली देवाक ठेवा, मगे माका द्या. देव्हाऱ्याचं सांगून पाहिलं. नुसता हसला.

वहिनींनी बांगड्याची आमटी आणि भात वाढला. लवूदादाने दोनदा आग्रह केला. माणूस वाईट नाही. पत्रिका तशीच खुर्चीवर पडून होती, ती मी उचलून घेतली.

संध्याकाळी हंसाचा फोन. सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, मी सांगितलं होतं हो तुम्हाला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. जेजुरी.

कोल्हापूर, पुणे, जेजुरी. सगळं बसने. कंबर आहे की गेली ते आता समजत नाही. जितेंद्रच्या आणि सुभाषच्या दारात पायसुद्धा ठेवला नाही. आधी देव, मग मामा, आणि मगच ते. आता मी क्रम मोडणारा माणूस नाही.

पायऱ्या चढलो, पत्रिका ठेवली, भंडारा कपाळाला लावला. आणि तिथेच, काय झालं कोण जाणे, रडू आलं. देवा, मला काही नको, फक्त लवूला पोरीच्या लग्नात उभा कर. शेजारच्या बाई म्हणाल्या, होईल हो, काळजी करू नका. त्यांना काय माहीत!

पत्रिकेचा फोटो लवूदादाला पाठवला. दोन निळे टिकमार्क. उत्तर नाही. म्हणजे प्रत्यक्षच जावं लागणार. हळद शनिवारी संध्याकाळी, लग्न रविवारी. जमतंय. जमवायलाच पाहिजे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पुण्याहून कुडाळ. सकाळची बस समोर उभी होती, पण गाडी दोन तास लवकर पोचवेल असं गणित निघालं, म्हणून एकतर्फी गाडी केली. ड्रायव्हर स्वप्नील, स्वभावाने गोड, रस्त्यांबाबत अनभिज्ञ.

हंसाचे सारखे फोन. मागे हळदीचं सामान, पाहुणे, गलका. अशा आवाजात डोकं चालत नाही. प्लॅनिंगला शांतता लागते, म्हणून फोन बंद ठेवला. पोचलो की आनंदाची बातमी घेऊनच चालू करीन.

संध्याकाळ. फोंडा घाटात ट्रक आडवा झालाय. रस्ता बंद. ती सकाळची बस आमच्या पुढे, घाट उतरून केव्हाच गेली असणार. स्वप्नीलने गाडी वळवून कोल्हापूरला जितेंद्रकडे आणली. जितेंद्रने विचारलं, दादा, पत्रिका? म्हटलं, तुझी अजून नाही देता येत, मामाची झालेली नाही. त्याच्या बायकोने गादी घातली. झोप नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार. कुडाळ.

दुपार. लवूदादाच्या घराला कुलूप.

शेजारचे म्हातारबा म्हणाले, ती दोघा काल संध्याकाळीच मुंबयक गेली, भाचयेच्या लग्नाक. घरासमोरच्या पायरीवर बसलो. फोन चालू केला. हंसाचे मिस्ड कॉल एकाखाली एक, संपेचनात.

लावला. तिने एका दमात सांगितलं: जेजुरीचा फोटो बघून लवूदादाने गुरुवारी रात्रीच तिला फोन केला होता, देवाक पोचली म्हणजे माका पोचली. भाऊबीजेची ओवाळणीही घेऊन आलाय. तेच सांगायला ती काल दिवसभर मला फोन करत होती. मागे हळदीची गाणी आतापासूनच सुरू होती आणि लवूदादाचा आवाज सगळ्यांच्या वर. क्षितिजा हसताना ऐकू आली. किती दिवसांनी.

म्हणजे प्लॅन यशस्वी! मामा पोचला! हे कुणाच्याही लक्षात आलेलं दिसत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

आता मी. हळद हुकली, ठीक आहे, हळद बायकांची. मुहूर्त उद्या १२.२१ ला. कुणी घाबरायचं कारण नाही.

संध्याकाळी ५. स्वप्नील एकतर्फीच होता, तो गेला. स्टँडवर सहाच्या बसमध्ये एक सीट आहे. पण रात्रीची ट्रेन बसच्या दोन तास आधी पोचते आणि त्यात माझं वेटिंग चार आहे. चार म्हणजे कन्फर्मच धरायचं. अथर्वला फोनवर विचारलं. तो किंचाळला, बाबा, बसमध्ये बसा! पोराचा आवाज फाटला होता. त्याला म्हटलं, शांत हो. बस सोडली.

रात्री. चार्ट लागला. वेटिंग एक.

एक! प्लॅटफॉर्मवर टीसीचे पाय धरायचे बाकी ठेवले. जनरल डब्याच्या दारात माणसं लटकलेली, मला कुणी वर घेईना. गाडी गेली. रात्रीच्या सगळ्या बस भरलेल्या. पहाटेच्या बसचं तिकीट काढलं. हंसाला फोन करायची हिंमत झाली नाही. मेसेज टाकला, ऑन द वे.

३० नोव्हेंबर, रविवार. बसमध्ये.

पहाटे कुडाळ स्टँडच्या बाथरूममध्येच सिल्कचा कुर्ता आणि फेटा घातला. वेळ वाचवला. पोचलो की सरळ मंडपात उभं राहता येईल. सगळी बस बघतेय, बघू दे.

१०.३०. रस्ता बरा आहे. ड्रायव्हरने मनावर घेतलं तर होऊ शकतं. पुढे जाऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, काका, मागे बसा.

११.४५. महाड. नाही होणार.

नाही होणार. अथर्वला फोन केला. गुरुजी म्हणतात मुहूर्त टळू देता येत नाही, आणि कन्यादानाला जोडपं लागतं. हंसा एकटी कशी बसणार? मी काही बोलायच्या आतच मागून लवूदादाचा आवाज आला, मी आनी संपदा बसतंव, भावजींका सांग, रडू नको म्हणावं. मी रडत नव्हतो. पण फोन कानाला लावून मला हो एवढंच म्हणता आलं.

१२.४०. माणगाव. बाराला अथर्वने व्हिडिओ लावला. रेंज येते, जाते. लवूदादा क्षितिजाचा हात धरून मंडपात आला. अगदी तिला हवं होतं तसं. कन्यादान झालं. लवूदादा बसला, संपदावहिनींनी पाणी सोडलं, हंसा बाजूला उभी, पदर डोळ्यांना. पराग, माझा जावई, कॅमेऱ्याकडे बघून नमस्कार करत होता. क्षितिजा एकदा मागे वळून दाराकडे बघत होती, मला स्पष्ट दिसलं. मग अक्षता पडल्या आणि चित्र अडकलं.

शेजारच्या सीटवरच्या बाईंनी चिक्की पुढे केली. फेट्याकडे बघत विचारलं, लग्नाला निघालात का काका, कुणाचं? म्हटलं, मुलीचं. त्या म्हणाल्या, अगोबाई, आणि तुम्ही इथे? कधी आहे?

झालं, म्हटलं. त्यांनी चिक्कीचा पुडाच माझ्या हातात ठेवला. मग मी चिक्की खाल्ली, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं.