सशांचा ताप

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मला अजून तुमच्या सशांचा हेवा वाटतो. हे वाचून तुम्ही हसला असता, मिशीतल्या मिशीत, आवाज न करता. सत्तरी ओलांडलेली बाई, बाळकृष्णाला आंघोळ घातल्याशिवाय चहाला तोंड न लावणारी, आणि हेवा कोणाचा, तर पिंजऱ्यातल्या सशांचा. पण आहे ते आहे. देवासमोर बसून मी हा विषय काढत नाही, कारण तिथे खोटं बोलता येत नाही. म्हणून इथे लिहिते आहे, हिशेबाच्या जुन्या वहीत मागे उरलेल्या कोऱ्या पानांवर. उगाच फुकट कशाला घालवायची.

मी नववीत होते. तुम्ही डबा घरी विसरलात म्हणून आईने मला तुमच्या औषधाच्या कारखान्यावर पाठवलं. नागरवाड्यातून सयाजीगंजपर्यंत चालत आणि तिथून बसने. आदल्याच आठवड्यात मी तापातून उठले होते, त्यामुळे उन्हात पाय लटपटत होते. रखवालदाराने मला सरळ प्राणीघरात नेऊन सोडलं. लांबलचक खोली, फिनेलचा आणि ओल्या गवताचा वास, आणि लाकडी खोक्यांत ओळीने बसलेले ससे. फक्त डोकी बाहेर. तुम्ही मला दाराशी उभं केलंत आणि हळू आवाजात सांगितलंत, जसं देवळात सांगतात. सलाइनची प्रत्येक खेप इस्पितळात जाण्याआधी यांच्या कानाच्या शिरेतून द्यायची आणि ताप बघायचा. ताप चढला तर ती खेप बाद. "आणि यांना चढला तर?" मी विचारलं. "तर माणसाला चढला नाही," तुम्ही म्हणालात. वर हेही सांगितलंत की ससा नुसता घाबरला तरी त्याचा ताप वाढतो, मग तो औषधाचा की भीतीचा हे कळत नाही; म्हणून त्याला घाबरू द्यायचं नाही.

आणि मग तुम्ही एकाला उचललंत. मी बघतच राहिले. "चल राजा, झालं हं, झालं," असं तुम्ही त्याला म्हणत होता. तो आवाज मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता. माझ्या तापात तुम्ही रोज संध्याकाळी उंबऱ्यापाशी उभं राहून आईला विचारायचात, "उतरला का?" जनावरांतून आलेल्या माणसाने आंघोळीआधी कोणाला शिवायचं नाही, हा आईचा नियम होता, मला ठाऊक आहे. पण आंघोळीनंतरही तुम्ही पाटावर जाऊन बसायचात. दिवसभर ताप मोजणारा माणूस, आणि माझ्या कपाळाला हात लावायला कोण, तर आई, तोही उलट्या हाताने, पोळी लाटता लाटता. डबा हातात धरून मी मनात म्हटलं, चढू दे या मेल्याला ताप. थोड्या वेळाने विचारलंही, "चढला का?" तुम्ही त्याची पाठ थोपटत म्हणालात, "छे, शहाणा आहे तो." शहाणा! मला गणितात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हा तुम्ही नुसतं "बरं" म्हणाला होतात.

काही खोक्यांवर तांबडी खूण होती. ते वेगळ्या तपासणीचे, ते परत यायचे नाहीत, असं तुम्ही म्हणालात. त्यांनाही तुम्हीच घेऊन जायचात, तसंच कुशीत धरून.

पुढे ही गोष्ट घरमालकीण बांच्या कानावर गेली. त्या पक्क्या गुजराती वैष्णव. एका सकाळी जिन्याखालूनच आईला म्हणाल्या, "भाभी, मारा घरमां ठाकोरजी बिराजे छे, ने तमारा ए ससलां मारे छे?" ज्या घरात देव, तिथल्या भाडेकरूने ससे मारावेत! आई शरमेने अर्धी झाली. तिच्या भावाने एका शाळेत तुमच्यासाठी कारकुनाची जागा बघून ठेवली. जेवताना ती म्हणाली, "पोरीचं लग्न करायचंय. मुलीचे वडील काय करतात विचारलं तर काय सांगू? सशांना टोचतात?" तुम्ही भात कालवत म्हणालात, "सांग, ताप मोजतात." मला हसू येत होतं, पण मी हसले नाही. मी म्हटलं, "अण्णा, सोडा ना. पाप लागतं." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "लागत असेल," म्हणालात. "पण मी सोडलं म्हणून काम थांबणार नाही. माझ्या जागी कानाला धरून उचलणारा येईल. मग ते घाबरतील." "आणि आम्ही?" आईने विचारलं. "तुम्ही एकमेकींना आहात की."

त्या एका वाक्याने तुम्ही मला कुठे ठेवलंत ते समजलं. बांनी खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या, आपण लहरीपुऱ्यामागे एका अंधाऱ्या बिऱ्हाडात गेलो, आणि सामान बांधत असताना बांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "छोकरी केटली दयाळु छे," असं आईला ऐकवलं; माझं "पाप लागतं" आईकडून त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. मी पेढा खाल्ला. दया कसली आली होती अण्णा? मला तुम्ही तिथून सुटायला हवे होतात. पाच वाजता घरी येणारे, शाईने डागाळलेल्या हातांचे, आमचे.

तुमचं बरोबर होतं की नाही हे मला आजही ठरवता येत नाही. कधी वाटतं, त्या मुक्या जिवांच्या नशिबात जे होतं ते टळणारं नव्हतं, निदान तुमचा हात तरी लाभला त्यांना. आणि कधी वाटतं, तुमच्या हातामुळेच ते काम बघण्यासारखं झालं आणि चालू राहिलं. सगळेच कानाला धरणारे असते तर कोणाला तरी ते बघवलं नसतं, कोणीतरी थांबवलं असतं. हा विचार तुमच्यासमोर मांडायचा राहून गेला. तेव्हा तो सुचलाच नव्हता. तेव्हा डोक्यात फक्त एवढंच होतं की त्यांना मिळतं ते मला का नाही.

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळचं सांगते. दुपट्यांसाठी जुन्या धोतराइतकं मऊ काही नसतं, म्हणून मी सातव्या महिन्यातच आईला तुमची जुनी धोतरं मागितली. "कुठली धोतरं गं? ती केव्हाच सशांच्या अंगाखाली गेली," ती म्हणाली. माझ्या मुलाला मी मांजरपाटात गुंडाळलं. किती धुतलं तरी ते टोचायचंच, आणि तो रडला की मला तुमचे ससे आठवायचे, माझ्या बाळाच्या वाट्याच्या मऊ कापडावर लोळणारे. बाळंतपणात रक्त फार गेलं होतं, म्हणून मला सलाइन लावलं होतं. तुम्ही भेटायला आलात आणि खाटेशी उभं राहून आधी बाटली बघितलीत. चष्मा वर करून तिच्यावरचा खेपेचा नंबर वाचलात आणि म्हणालात, "ठीक आहे. आमच्याकडचीच आहे." मी तोंड भिंतीकडे फिरवलं. आता वाटतं, तुम्ही त्याहून मोठं काय म्हणू शकला असता? पण तेव्हाही तुमची नजर माझ्यावर नव्हती, हेही खरंच आहे. ते मी सोडून देणार नाही.

आणि आता तुमची पणती. त्याच मुलाची मुलगी, फार्मसी शिकते. परवा मनगटावर ओरखडे घेऊन आली. म्हणाली, "आजी, आता फार कडक नियम आहेत. समितीची परवानगी लागते, उगाच एकही प्राणी वापरायचा नाही. तापाची तपासणी तर बरेच ठिकाणी काचेच्या नळीतच करतात. पण जे आहेत त्यांना धरता तर आलं पाहिजे ना? ससा मला बघूनच थरथरतो."

"ऊठ," मी म्हटलं. "ती उशी आण."

मग मी तिला दाखवलं. समोरून हात न्यायचा नाही, बाजूने न्यायचा. आधी कपाळावर बोट फिरवायचं. एक हात छातीखाली, दुसरा मागे, पायांसकट, कारण मागचे पाय मोकळे राहिले तर तो झटक्याने स्वतःचीच कंबर मोडून घेतो. मग त्याचं डोकं आपल्या कोपराच्या आत, अंधारात. अंधार झाला की तो शांत होतो. आणि बोलत राहायचं. काय बोलायचं तेही मी सांगितलं.

"तुला कसं गं एवढं माहीत?" ती हसत म्हणाली. उशी तिच्या कुशीत अगदी बरोबर बसली होती. त्या एका दुपारी प्राणीघरात जे बघितलं, ऐकलं, त्यातलं मी काही म्हणजे काही विसरले नव्हते. इतक्या निरखून मी दुसरं काहीच पाहिलं नसेल, लग्नात नवऱ्याचं तोंडसुद्धा नाही.

मग तिने विचारलं, "पणजोबा तुला लहानपणी असंच घ्यायचे का?"

मी म्हटलं, "हो. अस्संच."

"तरीच तुला येतं," ती म्हणाली आणि उशी घेऊन आतल्या खोलीत गेली.

अण्णा, मी चाचरले नाही. आणि खरं सांगते, ते खोटं बोलून झाल्यावर थोडा वेळ मला तुम्ही तसं कुशीत घेतलेलं आठवतही होतं.