दुकानावरचा हॉल आणि एकदा चालून जाण्याची अट

मी, खाली सही करणारी, सोफा-खुर्च्यांना कापड चढवण्याच्या दुकानाची मालकीण, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. अर्धांगवायूने माझा डावा हात आणि डावा पाय ढिला झाला आहे, डोकं नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. मुलाने आणायचा तो आणून झाला आहे.

१. राहतं घर, बँकेतली ठेव आणि दागिने माझ्या एकुलत्या एका मुलाला व सुनेला समान वाट्याने मिळावेत. आजारपणात सुनेने मला न्हाऊ-खाऊ घातलं आणि कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून ते मी इथे लिहून ठेवते.

२. दुकान, शिलाई मशीन, वाकड्या सुया आणि हातोड्या आमच्या जुन्या कारागिराला द्याव्यात. यजमानांची मोठी कात्रीही त्यालाच. यजमानांनी जन्मभर कापडाचे तागे उजव्या खांद्यावर वाहिले. पुढे पुढे तागा नसला तरी तो खांदा खाली टाकूनच ते चालत. रस्त्याच्या टोकाला ते दिसले की चेहरा कळण्याआधी मला खांदा कळायचा.

३. मी आजारातून उठल्यावर धाकट्या दिरांनी चाकांची खुर्ची आणून दिली. म्हणाले, "वहिनी, आता चारचौघांत असं पाय ओढत फिरणं बरं दिसत नाही." ती खुर्ची त्यांना साभार परत. तिला भडक पिवळं कापड मी स्वतः चढवलं आहे. त्यांनी ती बाहेरच्या खोलीत ठेवावी, म्हणजे चारचौघांना दिसेल.

४. दुकानावरचा हॉल. वादाचं मूळ हेच, तेव्हा सविस्तर लिहिते.

ही जागा माझ्या कमाईची आणि माझ्या एकटीच्या नावावर आहे. तिथे एक नृत्यसंस्था भाड्याने आहे. गाव सोडावं लागलेली, आईवडील वेगळे झालेली, ज्यांचं कालचं आज काही उरलं नाही अशी मुलं तिथे फुकट नाचायला येतात. सुरुवातीला मला त्यांचा वैताग होता. वर धपाधप उड्या, खाली माझ्या मखमलीवर छताचा चुना. एका दुपारी मी कठड्याला धरून भांडायला वर गेले.

त्यांची एक रीत आहे, ती मला ठाऊक नव्हती. नव्या माणसाला ते आधी काही शिकवत नाहीत. त्याने दारापासून खिडकीपर्यंत नुसतं चालत जायचं. बाकीच्यांनी त्याची चाल उचलायची आणि त्या दिवशीचा नाच तिच्यातूनच बसवायचा.

संस्था चालवणाऱ्या नृत्यबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. मी तणतणत त्यांच्यापर्यंत गेले आणि मागे वळले, तर अख्खा हॉल डावा पाय ओढत माझ्यामागून येत होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली. वाटलं, चिडवताहेत कार्टी. पण हसत कुणीच नव्हतं. महागाचं कापड कापताना मी जशी श्वास रोखून धरते, तशी ती मुलं माझा पाय टाकत होती. मग बाईंनी ठेका धरला. ओढलेल्या पायांनी जमिनीवर अर्धं वर्तुळ काढलं, ढिले हात मागून आले आणि सगळा हॉल एकदम वळला. मी तोंडात बोट घातलं. इतकं देखणं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते माझं होतं.

पुढच्या रांगेतली एक मुलगी माझ्याजवळ आली. शहर बदलल्यापासून ती घरीसुद्धा बोलत नव्हती, हे मागाहून कळलं. म्हणाली, "आजी, वळताना पाय कसा टाकता? परत दाखवा ना."

मी दाखवला. भांडायचं राहूनच गेलं.

सबब, हा हॉल मी त्या संस्थेला कायमचा देते. मुलगा तो गोदामासाठी विकायचा म्हणतो. "आई, ही पोरं काय, उद्या मोठी होतील नि निघून जातील," हे त्याचं म्हणणं. जाऊ देत. जाता यावं म्हणूनच तर येतात. नृत्यबाईंना साक्षीदारही व्हायचं होतं, पण जिला मिळणार तिने साक्ष करू नये, असं वकील म्हणाले. त्या रुसून जिन्यात बसल्या आहेत.

५. मुलाला एक विनंती, वाटल्यास अट समजावी. बाळा, तू त्या हॉलमध्ये कधी पाऊल टाकलं नाहीस. कोर्टात जायचं तर खुशाल जा, पण आधी एकदा वर जा. दारापासून खिडकीपर्यंत चाल आणि मागे वळून बघ. तू आयुष्यात कधी तागा उचलला नाहीस, तरी उजवा खांदा खाली टाकून चालतोस. तुला ते माहीत नाही. मी रोज बघते आणि कुणाला सांगत नाही. त्या मुलांना ते सांगावं लागणार नाही. तुझे बाबा तुला हॉलभर चालत येताना दिसतील. त्यानंतरही कोर्टात जाऊन विकावंसं वाटलं, तर माझं काही म्हणणं नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

सही (उजव्या हाताची; डाव्याने कागद धरला आहे)

साक्षीदार:
१. दाखला देणारे डॉक्टर
२. शेजारचे छत्रीवाले

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तोच