लाल स्टिकर, शंभर टक्के

सोमवार, ३ तारीख. संध्याकाळ.
१. औषधांच्या गोदामातल्या बावीस लोडरना दोन तास प्रशिक्षण दिले. स्लाइड अठ्ठावीस.
२. विषय: ज्या खोक्यांची मुदत आधी संपते, ते आधी बाहेर.
३. अशा खोक्यावर लाल स्टिकर लावायचा. लाल दिसला की आधी उचलायचा.
४. परीक्षा घेतली. एकवीस पास.
५. मुकादम नापास. वीसपैकी चार.
मुकादम इथे सत्तावीस वर्षे आहेत, मी पाच महिने. माझे प्रोबेशन तीस तारखेला संपते. साहेबांनी बजावले आहे की हजेरीपत्रक नको, गोदामात काय बदलले ते दाखवा. दाखवीन.

मंगळवार, ४.
आईचा फोन. म्हणाली, त्या माणसांना कळलं का तुझं? मी गुण सांगितले. म्हणाली, गुण नाही विचारले गं. आई इंजिनिअर नाही.

बुधवार, १२.
बाहेर जाणाऱ्या मालात लाल किती, ते रोज रांगेनुसार मोजते. पहिल्या दोन रांगांत पहिल्या दिवशी ४१ टक्के, आज ९६. आलेख भिंतीवर लावला. एक लोडर म्हणाला, मॅडम, डोंगर झकास काढलाय. दुर्लक्ष केले.
फक्त मुकादमांच्या तिसऱ्या रांगेत लाल शून्य. कारण विचारले. म्हणाले, ताई, खोक्यावर तारीख छापलेली आहे की. नियम पुन्हा समजावला. शेवटपर्यंत ऐकून घेतला, चष्मा पुसला, स्टिकर लावला नाही.

शुक्रवार, १४.
संकल्प: मुकादमांवर चिडायचे नाही.
११.१५. आवाज किंचित चढला. पंख्याचा आवाज फार होता.

सोमवार, १७.
अहवाल दिला. दोन रांगांत लाल ९९ टक्के, तिसरीत शून्य. शिफारस: मुकादमांना रांगेवरून हलवावे. साहेबांनी विचारले, नक्की? मी आकड्यावर बोट ठेवले. दुपारी मुकादम गेटच्या ड्युटीवर गेले. लोडर सहा मिनिटे काम थांबवून बघत राहिले. नोंद केली.

गुरुवार, २०.
तिन्ही रांगांत १०० टक्के. महिनाभराचे स्टिकरचे रोल आजच संपले, आणखी तीन मागवले. प्रतिसाद अपेक्षेपेक्षा चांगला.

मंगळवार, २५.
साठ्याची मोजणी. पहिल्या दोन रांगांत भिंतीलगत १४४ खोके, मुदत याच महिनाअखेर. आता ते नष्टच करावे लागतील. एकावरही स्टिकर नाही. दाराजवळचा कालपरवा आलेला माल मात्र सगळा लाल.
लोडरना विचारले. एक म्हणाला, तुम्हीच म्हणालात ना लाल आधी उचला, मग हाताशी होतं ते लाल केलं, ट्रक पटकन भरतो. दुसरा म्हणाला, आणि मॅडमचा डोंगरही चढतो.
तिसऱ्या रांगेत मुदत संपत आलेला एकही खोका नाही. मुकादम रोज सकाळी पाऊण तास जुना माल पुढे ओढायचे आणि नवा मागे लावायचे. हे त्या लोडरनीच सांगितले. माझ्या स्लाइडमध्ये ओढणे नव्हते.
प्रशिक्षण फसले असे म्हणता येणार नाही. शिकवले ते त्यांनी तंतोतंत केले.

बुधवार, २६.
साहेबांना सगळे सांगितले. मांडणी मुद्देसूद झाली. ते म्हणाले, मुकादम रांगेवर परत आले तर तुमच्या कायम होण्याचं बोलू.
मी गेटवर गेले. मुकादम म्हणाले, इथे खुर्ची आहे ताई, गुडघ्यांना बरं पडतं. मी बाजू मांडू लागले. म्हणाले, लिहून द्या, तुमचं बोलणं मला परीक्षेतही कळलं नव्हतं.
लिहिले. तिसऱ्या मसुद्यात 'सहकार्याचा अभाव' हे शब्द काढले. उरले ते असे:

मुकादमकाका,
तुम्हाला रांगेवरून हलवण्याची शिफारस माझी होती. ती चुकीची होती. तुम्ही परत यावे आणि बाकीच्या दोन रांगा कशा लावायच्या ते आम्हाला दाखवावे. ओझे आम्ही ओढू. तुम्ही बसून सांगितले तरी चालेल. शिकणाऱ्यांत मीही असेन.
शुक्रवार, २८ तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवावे.