पाय गार, पाय कोमट

११ डिसेंबर १९३६
स. काल दुपारी बाळंत झाली. मुलगा. दीड महिना आधीच आला. दाईने पदरात धरून उंबऱ्यातूनच दाखवला, हातात दिला नाही. बारा दिवस विटाळ, मी खोलीबाहेर. स.चं रक्त फार गेलं, उठून बसता येत नाही. आधीची दोन लेकरं अशीच थंडीत गेली. दाई म्हणाली, पायाला हात लावून पाहत जा, लेकराचं सगळं तिथे कळतं. म्हणून रोज विचारायचं नि इथे लिहायचं.
आज पाय: गार.

१२ डिसें.
तलावावरचा वारा थेट आमच्या कुडावर येतो. शाळा सुटल्यावर खोलीच्या सगळ्या फटी बाहेरून तणस कोंबून शेणमातीने लिंपल्या, खिडकीला पोतं ठोकलं. बाईने (माझी थोरली बहीण, बाळंतपणासाठी आमगावहून आली आहे) बाजेखाली गोरसी ठेवली. मातीच्या भांड्यात निखारे, वर भाताचं तूस, दिवसभर धुमसतं. आमच्याकडे गोरसीशिवाय बाळंतीण नाही. बाई म्हणाली, मुंगीलाही जागा ठेवली नाहीस. स्वतःवर खूश आहे.
पाय: कोमट.

१४ डिसें.
हात झडोत माझे.
सकाळी स.ला वांत्या, डोकं वर उचलवेना. बाळ मऊ पडलेलं, हलवलं तरी जागं होईना. बाई म्हणाली दृष्ट लागली, नि मीठ-मिरच्या शोधायला गेली. तेवढ्यात दाई आली. दार सताड उघडलं, दोघांना अंगणात उन्हात आणलं, मग खराट्याच्या दांड्याने माझी सगळी शेणमाती पाडली. "गुरुजी, लेकरू गुदमरून राहिलं होतं. काऊन बुजवल्या फटी?"
बऱ्याच वेळाने रडला. बारीकसा आवाज.
खेळत्या हवेचा धडा चौथीला मीच शिकवतो. गेल्याच आठवड्यात शिकवला.
गोरसी आता ओसरीवर. पाय: गार.

१५ डिसें.
दाई जंगलाकडच्या गोंड वस्तीतली. त्यांच्यात असं अपुऱ्या दिवसांचं लेकरू उघड्या छातीला लावून वरून लुगडं बांधतात. पण स.चं अंगच गार. बाईला खोकला. उरलो मी. बाई दारात आडवी उभी राहिली. "बारा दिवस झाले नाही, अन् बाप्या मानूस आत जाते का?" गेलो. सदरा काढून भिंतीला टेकून बसलो. दाईने बांधलं, मान सरळ, नाक-तोंड मोकळं. बजावलं, अंगावर लेकरू असताना डोळा लागता कामा नये, झोप आली की दुसऱ्याच्या हाती द्यायचं. मी निजतो तेव्हा तो कापसाच्या टोपलीत, गरम वीट फडक्यात गुंडाळून टोपलीच्या बाहेरून लावलेली.
छातीवर काही आहे असं वाटतच नाही, इतका हलका. रडलो.
पाय: गार.

१८ डिसें.
शाळेतून रजा. पाय: गा., गा., को., गा. दूध कापसाच्या बोळ्याने, चारच थेंब. कोतवाल जन्माची नोंद घ्यायला आला, नाव विचारलं. स. आतून म्हणाली, "नाव नका सांगू. नाव ठेवलं की जातात." तो तसाच परत गेला. त्याला बसही म्हणालो नाही.

२० डिसें.
दुपारी बाराला मला हुडहुडी भरली. बाळ बाईकडे दिलं. मग ताप. हिवताप, दर हिवाळ्याला येतोच. बसवत होतं म्हणून त्याला पुन्हा छातीला बांधलं, बाई शेजारी बसून राहिली.
पाय: कोमट. सलग तीन तास कोमट. दूधही जास्त घेतलं.
"गोरसी बाहेर काढली, तं आता तूच गोरसी झाला," बाई म्हणाली. हसलो आम्ही. स.सुद्धा हसली.

२१ डिसें.
ताप नाही. पाय: गार.

२२ डिसें.
ताप. को.

२३ डिसें.
ताप नाही. गा. बारा दिवस होऊन गेले, बारशाचं कुणी बोललं नाही. हेडगुरुजींनी अर्जुनीच्या पोस्टातून हिवतापावरच्या औषधाच्या, कोयनेलच्या, सहा पुड्या आणून दिल्या. बाईने विचारलं, घेतलीस का. हो म्हणालो.

२४ डिसें.
ताप. को. पुड्या कोटाच्या खिशात, सहाच्या सहा. मूर्खपणा आहे हे मला कळतं. मी अंथरूण धरलं तर त्याला धरायला कोणी नाही, हेही कळतं. पण आज त्याने डोळे उघडले.
दाईने माझं मनगट धरून पाहिलं. "एक अंग जाळून दुसरं किती दिस तापवाल, गुरुजी?"

२५ डिसें.
ताप नाही. पायऱ्या चढताना धाप लागते. पाय: गार, दिवसभर. दूध नको म्हणतो.

२६ डिसें.
आज तापाची पाळी.
स. आता भिंतीला टेकून बसते. सकाळी पांघरायला माझा कोट खुंटीवरून ओढून घेतला, खिशात पुड्या लागल्या. मांडीवर काढून ठेवल्या. सहा. मी उंबऱ्यात उभा होतो. तिने एकेक उचलून परत खिशात ठेवली, कोट घडी करून माझ्याकडे दिला. मी तो परत खुंटीला अडकवला.
बाराला हुडहुडी यायला हवी होती. दोन वाजले. सदरा काढून, बाळ छातीला बांधून बसलो आहे. पाय: गार.
तीन. गार. स. दर थोड्या वेळाने माझ्या कपाळाला हात लावून बघते.
चार वाजले. मला अजून थंडी वाजत नाही.